स्लोवाकियाला गेलेलं कुंकू

माझी नोकरी काय होती असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. लोकांनी घाम गाळून केलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करून बघायची आणि 'नाही' म्हणायचं. याचा मला पगार मिळत असे. हुबळीजवळच्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी तपासणी खात्यात लागले तेव्हा त्या खात्यात बाई म्हणून एकटीच होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याची प्रमुख होते. कामगारांनी पहिल्याच वर्षी माझं नाव 'फेल अक्का' ठेवलं. मागून म्हणायचे असंही नाही, तोंडावर म्हणायचे. मी शॉपच्या, म्हणजे कामाच्या शेडच्या, दारात दिसले की कुणीतरी आतल्यांना वर्दी द्यायचा, "फेल अक्का बंद्रु!" म्हणजे आल्या बरं का. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट एखाद्या दिवशी वर्दी आली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

हे बघण्याचं वेड मला माहेरून मिळालं. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं कापडाचं दुकान. नवीन थान आलं की अप्पा ते गल्ल्याजवळ कधी उघडायचे नाहीत. दाराशी न्यायचे, हातगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीतून जेवढा उजेड आत येईल तेवढ्यात ते उलगडायचे आणि दोन्ही हातांनी ताणून धरायचे. सुटलेला धागा दिसला की थान परत. व्यापारी हातापाया पडला तरी परत. "आपण नीट बघितलं की गिऱ्हाइकाला बघावं लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. मी त्या दुकानात बसून शाळेचा अभ्यास केला. अभ्यास किती झाला ते देव जाणे, पण डोळा तयार झाला.

आता फाउंड्री म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. समजा एखाद्याला पंपाची लोखंडी बॉडी हवी आहे. तो आधी तशीच्या तशी लाकडाची करून घेतो. त्याला पॅटर्न म्हणायचं. पॅटर्न वाळूत दाबला की वाळूत त्याचा आकार उमटतो. पॅटर्न काढून घ्यायचा, त्या पोकळीत भट्टीतलं वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की वाळू फोडायची. आत जे निघतं ते कास्टिंग. मग ते घासून साफ करायचं, त्याला राखाडी प्रायमर मारायचा आणि लाकडी पेटीत भरून पाठवायचं. ऐकायला सोपं आहे. पण लोखंडात हवा अडकली की आत भोक राहतं. भाकरीला पापुद्रा सुटतो ना, तोच प्रकार, फक्त भाकरीचं कौतुक होतं आणि कास्टिंगवर माझ्या लाल खडूची फुली पडते. मी लहान हातोडी घेऊन फिरायचे. चांगलं कास्टिंग ठोकलं की खणखणतं, तडा गेलेलं असेल तर मातीच्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. पुढं यंत्रं आली, पण माझी हातोडी शेवटपर्यंत पर्समध्ये होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. आम्ही नुसते सांभाळणारे. गिऱ्हाईक चिडलं, ओरडलं, भाव पाडून मागितला तरी आम्ही घाबरत नसू. त्यानं पॅटर्न परत मागितला की मात्र समजायचं, संबंध संपले.

आमचं एक मोठं गिऱ्हाईक स्लोवाकियात होतं. हुबळीत हा देश कुठं आहे हे सांगणारा माणूस तेव्हा शोधूनही सापडला नसता. मालकांनी, म्हणजे विनायकअण्णांनी, ऑफिसात जगाचा नकाशा लावला आणि त्यावर टाचणी टोचली. तिकडे हिवाळा असा कडक की गावभर नळातून गरम पाणी खेळवून घरं उबदार ठेवतात. ते पाणी ढकलणारे पंप त्या कारखान्यात जोडायचे, आणि त्या पंपांचं लोखंड तारिहाळचं. बर्फातल्या कुणा म्हातारीच्या घरातली ऊब आमच्या भट्टीतून निघते, या विचारानं मला फार बरं वाटायचं. जोश्यांच्या मंगलकार्यालयात पंगतीला बसल्यावर शेजारच्या बाईला मी हे सांगत असे, आणि ती "हो का?" म्हणून वरणाकडे वळत असे.

त्या कारखान्यात माझ्यासारखंच काम करणारी एक बाई होती, झुझाना. आमचा माल तिकडे पोचला की तो तिच्या हाताखालून जायचा. मी इकडे नापास करणारी, ती तिकडे. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जुळलं. काही खटकलं की ती फोटो पाठवायची आणि खाली दोनच शब्द लिहायची, 'प्लीज एक्सप्लेन.' नमस्कार नाही, कशी आहेस नाही. ते दोन शब्द वाचले की मी हातातलं काम टाकून त्या मालाच्या नोंदी काढून बसायचे, आणि मनातून मी तिला मानायचे. असंच बघायला हवं, असं वाटायचं.

मग दोन हजार आठ सालची ती मंदी आली. अमेरिकेत बँका बुडाल्याच्या बातम्या आम्ही चहा पिता पिता वाचल्या आणि पेपर घडी घालून ठेवला. आपला काय संबंध? थोड्याच दिवसांत झुझानाची मेल आली. त्यात फोटो नव्हता, एक्सप्लेनही नव्हतं. माल पाठवू नका, एवढंच. तिकडे नवीन इमारतींची कामं अर्ध्यावर थांबली होती. ज्या घरांना छप्पर नाही त्यांना पंप कशाला लागेल? नंतर तिच्या मेलच बंद झाल्या. मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

आमच्या दोन भट्ट्यांपैकी एक विझली. ज्यांनी फाउंड्री बघितलेली नाही त्यांना विझलेली भट्टी म्हणजे काय ते कळणार नाही. शॉपमध्ये कायम एक घरघर असते, ती थांबते, आणि चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागतो. कितीतरी माणसं घरी बसवावी लागली. त्यात प्रायमर मारणारी मल्लव्वा होती. तारिहाळ गावातलीच, आडव्या बांध्याची, बडबडी. कामाला इतकी चोख की तिच्या रंगावर खडूची फुली मारायला मला जागा सापडत नसे. ती स्टेशनजवळच्या एका खानावळीत जोंधळ्याच्या भाकऱ्या थापायला जाऊ लागली. एकदा तिथं जेवायला गेले तर आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी ओळखला. इतका एकसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी आत गेले नाही, आणखी एक भाकरी मागवली.

या काळात विनायकअण्णांचा आणि माझा एकदा खटका उडाला. ब्याडगी मिरचीच्या एका व्यापाऱ्याला गोदाम हवं होतं. आमचं पॅटर्न ठेवायचं शेड मोठं, कोरडं. अण्णा म्हणाले, "अक्का, ती लाकडं काय करायची आता? बाजूच्या पत्र्याखाली टाकू की. भाडं तरी येईल."

मी म्हटलं, "पत्र्याखाली वाळवी आहे अण्णा. त्यांनी पॅटर्न परत मागितले नाहीत, बघितलंत? ज्याला परत यायचं नाही तो आपलं सामान घेऊन जातो."

अण्णा नकाशावरच्या टाचणीकडं बघत बसले. मग म्हणाले, "बघा की तुमचं तुम्ही." मिरची दुसरीकडे गेली. मी आणि शेडचा वॉचमन मिळून दर महिन्याला सगळे पॅटर्न उन्हात काढायचो, पुसायचो, परत आत ठेवायचो. लोक हसले. हसू देत.

युरोप सावरतोय हे पेपरवाल्यांच्या आधी मला कळलं, असं मी म्हणते तेव्हा आमचे जावई गालात हसतात. पण ते खरं आहे, आणि त्यात जादू काही नाही. पहिली मागणी आली ती इम्पेलरची, म्हणजे पंपाच्या आतल्या पंख्याची. झिजतो तो पंखा. म्हणजे लोक जुने पंप दुरुस्त करून चालवत होते. हात अजून आखडलेला होता, पण निदान हातात काहीतरी होतं. काही महिन्यांनी झाकणं मागितली. झाकण माणूस बदलतो ते पंप पूर्ण उघडून नीट करायचं ठरवतो तेव्हा. तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "आता बॉड्या मागणार बघा." बॉडी कुणी दुरुस्तीला मागत नाही. बॉडी मागितली म्हणजे नवा पंप, नवा पंप म्हणजे नवं घर. पेपरात टक्केवारी छापून येत होती, पूर्वेकडचे देश पश्चिमेपेक्षा लवकर उभे राहतायत की उशिरा यावर विद्वान भांडत होते. आमच्याकडे एका सकाळी बॉड्यांची मागणी आली. मेलखाली नाव होतं झुझाना.

दुसरी भट्टी पेटली त्या दिवशी अण्णांनी पेढे आणले, अर्थात धारवाडचे. माणसं परत बोलावली. सगळी आली नाहीत. कोअर, म्हणजे साच्याच्या आत ठेवायचा वाळूचा गाभा, बनवणारा बसवराज गोव्याला बोटीच्या दुरुस्तीच्या कामाला गेला तो तिकडचाच झाला. वाळूवर त्याच्यासारखा हात मी नंतर बघितला नाही. त्याला वेळेत निरोप पोचला असता तर, असं अजून वाटतं. मल्लव्वा मात्र निरोप मिळायच्या आधीच गेटवर उभी होती. डोक्याला तोच जुना रुमाल.

हा पहिला लॉट चाचणीचा होता. तो पसंत पडला तर वर्षभराचं काम आणि दोन्ही भट्ट्या चालू. नाही पडला तर त्यांना दुसरी फाउंड्री बघावी लागेल, असं त्यांनी सभ्य भाषेत कळवलं होतं. मी एकेक बॉडी ठोकून, चाचपून, उजेडात फिरवून बघितली. इतक्या सुबक बॉड्या आम्ही त्याआधी कधी केल्या नव्हत्या. मी सही केली, त्यांना रंग लागला, पेट्या गेल्या. मी घरी येऊन गाढ झोपले.

समुद्रातून जाऊन माल पोचायला बरेच आठवडे लागतात. पोचला आणि मेल आली. राखाडी बॉडीचा फोटो. मधोमध, वरच्या बाजूला, रंगाचा गोल पापुद्रा निघालेला आणि खाली लाल. दुसरी बॉडी, तिथंच तसाच गोल. तिसरी, चौथी, सगळ्या. झुझानानं लिहिलं होतं की लोखंड आतून गंजतंय असं दिसतं. आणि मग, 'प्लीज एक्सप्लेन.' त्याखाली या खेपेला आणखी एक वाक्य होतं. ती स्वतः येणार होती, आणि तिला पटलं नाही तर पॅटर्न सोबत घेऊन जाणार होती.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, समुद्राचा खारा वारा लागला म्हणून लिहू की."

"खारा वारा प्रत्येक बॉडीवर एकाच जागी बोट टेकवून जातो होय?" मी म्हटलं.

मी तो फोटो मोठा करून बघत राहिले. गंज मला रोजचा. तो तांबूस तपकिरी असतो, त्याच्या कडा फुटलेल्या असतात. हा लाल वेगळा होता. हा मी रोज सकाळी आरशात बघते.

इथं एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे खंडेनवमीला, कानडीत आयुधपूजेला, सगळी यंत्रं धुऊन त्यांना विभूती-कुंकू लावतात. कोहळा फोडतात. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही, गळून पडतं, म्हणून बाया ते खोबरेल तेलात कालवतात. यंत्रावर ते मस्त बसतं, पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही. आता तेलावर रंग मारला तर तो लोखंडाला चिकटणार कसा?

मी रंगाच्या शेडमध्ये गेले. मल्लव्वा ब्रश धूत होती. मी फोटो तिच्यापुढं धरला. तिनं बघितला, ब्रश खाली ठेवला आणि मान वर करून म्हणाली, "हौद्री अक्का. मीच लावलं."

"प्रत्येकीला?"

"एकीला लावून दुसरीला कसं सोडायचं? एवढ्या दिवसांनी काम आलं. पहिली खेप. रिकाम्या कपाळानं कसं धाडायचं तिला परक्या मुलखात?" मग तिला समजलं काय झालंय ते. ती तिथंच डब्यावर बसली. "माझ्यापायी भट्टी विझली तर मी गावात तोंड कसं दाखवू, अक्का?"

मला तिच्यावर चिडायचं होतं, आणि चिडलेही थोडी. तपासून सही झालेल्या मालाला रंगाशिवाय दुसरं काही लावायचं नाही हा नियम तिला माहीत होता. पण ती बाई दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती, आणि त्या हातांवर भाकरीच्या तव्याचे चटके अजून काळे होते. "ऊठ," मी म्हटलं. "ती बाई येईल तेव्हा तूच सांगायचंस. भाषांतर मी करीन."

झुझाना गोव्याला विमानानं उतरून तिथून गाडीनं आली. इतकी वर्षं मी तिची एक मूर्ती मनात धरली होती, उंच, करारी, चष्मेवाली. निघाली बुटकी, गोल, माझ्याच वयाची, आणि गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना कठड्याला धरणारी. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. पण कामाला लागल्यावर ती हसू गाडीतच ठेवून आल्यासारखी झाली. भट्टी बघितली, वाळू बघितली, माझी हातोडी मागून घेऊन स्वतः बॉड्या ठोकल्या. पॅटर्नच्या शेडमध्ये गेली तेव्हा एकेक पॅटर्नवरून हात फिरवला. एकाला वाळवी नाही, एकाला तडा नाही. ती माझ्याकडं वळून बघत राहिली. बाहेर त्या पॅटर्नांसाठी रिकाम्या पेट्या तयार ठेवायला तिनं आधीच सांगितलं होतं. त्या दारात रचलेल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे न बघता इकडून तिकडे चालत होते.

मी तिला रंगाच्या शेडमध्ये नेलं. मल्लव्वा नवं लुगडं नेसून आली होती, जणू तिलाच बघायला पाहुणे आले होते. तिच्यापुढं दोन बॉड्या ठेवल्या. तिनं एकीला खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू लावलं. दुसरी तशीच सोडली. दोन्हींना प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर मी चिकटपट्टी दाबून बसवली आणि ओढली. आमच्या धंद्यात रंग तपासायची हीच रीत. साध्या बॉडीचा रंग जागचा हलला नाही. दुसरीची पट्टी निघाली तीच राखाडी पापुद्र्यासकट, आणि पट्टीवर एक लालभडक गोल.

झुझानानं पट्टी उजेडाकडे धरली. अप्पा थान धरायचे तशी. गंज नाही, लोखंड निर्दोष आहे, हे तिला कळलं होतं. तरी तिनं मल्लव्वाकडे बोट केलं आणि म्हणाली, "प्लीज एक्सप्लेन."

मल्लव्वा कानडीत म्हणाली, "त्या आईंना विचारा अक्का, पोरीला सासरी धाडताना तुमच्यात काय करतात?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायला लागले. की मध्यंतरी काम नव्हतं. की ही भाकऱ्या करत होती. की हा पहिला माल, आणि तो हिला मुलीसारखा. माझी वाक्यं तुटत होती. मी तीस माणसांच्या मीटिंगमध्ये कधी अडखळले नव्हते.

झुझाना एका पालथ्या डब्यावर बसली. मग हळूहळू तिनं सांगितलं. तिच्या कारखान्यात दुरुस्तीचा विभाग सोडून सगळं बंद पडलं तेव्हा ती शेजारच्या ऑस्ट्रियात गेली होती, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला. त्यांच्या गावातल्या पुष्कळ बाया जातात. तिथं तिला मेल करायची सोय नव्हती, आणि काय लिहायचं हेही कळत नव्हतं. कारखाना पूर्ण उघडल्यावर तिला परत बोलावलं, आणि आमच्या या बॉड्या म्हणजे तिकडचीही नव्या पंपांची पहिली खेप होती. त्या पेट्या तिनं दुसऱ्या कुणाला उघडू दिल्या नव्हत्या म्हणे. मी हे मल्लव्वाला कानडीत सांगितलं. मल्लव्वा उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. झुझाना फिरवू देत होती.

थोड्या वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "आमच्याकडे जानेवारीत दारावर अक्षरं लिहितात. वर्ष बरं जावं म्हणून. कारखान्याच्या दारावरही." आणि मग तिच्यातली तपासनीस जागी झाली. "पण खडूनं लिहितो. खडूला तेल नसतं."

निर्णय असा झाला. आलेला लॉट तिकडे खरवडून पुन्हा रंगवायचा, खर्च आमचा. पुढं लोखंडाला काहीही लावायचं नाही. पण पेटी लाकडाची आहे, पेटीवर काय लावायचं ते आमचं आम्ही बघावं. अण्णांनी दारातल्या रिकाम्या पेट्या स्वतः उचलून आत नेल्या. एवढे जड मालक मी कधी इतके हलके चालताना बघितले नव्हते. जाताना झुझानानं मल्लव्वाच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, तिखटानं वाहणारं नाक पुसलं आणि आणखी मागितली.

पुढची कितीतरी वर्षं दोन्ही भट्ट्या चालल्या. प्रत्येक पेटीवर मल्लव्वाचं पाण्यात कालवलेलं कुंकू असायचं. त्या पंपांची तक्रार एकदाही आली नाही, हे मी छाती काढून सांगते. नव्या कामगारांना मी त्या पेट्या दाखवून सांगायचे की तुम्ही ओतलेलं लोखंड कुठं कुठं जातं. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा तो मला माझ्या पगारापेक्षा जास्त वाटायचा.

मी निवृत्त व्हायच्या जरा आधी मल्लव्वा निवृत्त झाली. तिच्यानंतर पहिला माल गेला आणि फार दिवसांनी ती मेल आली. फोटो होता पेट्यांचा. धडधाकट पेट्या, खिळे जागेवर, शिक्के जागेवर. मला काही कळेना. खाली लिहिलं होतं, 'लाल खूण नाही. प्लीज एक्सप्लेन.'

झालं होतं असं, की तिकडच्या गोदामातल्या लोकांनी इतक्या वर्षांत ती खूण म्हणजे माल तपासून पास झाल्याची खूण असं धरलं होतं. नव्या पोरांना जुने तसंच शिकवत आले. खूण नसलेल्या पेट्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या आणि उघडायला साफ नकार दिला. झुझानानं समजावलं तरी ऐकेनात. म्हणजे जन्मभर मी सह्या केल्या, आणि त्या देशात पास म्हणून चालत होतं ते मल्लव्वाचं बोट.

मी रिक्षा करून तारिहाळ गावात गेले. "स्लोवाकियाहून तुझी तक्रार आलीय," म्हटल्यावर तिच्या हातातलं सूप खाली आलं. "पुन्हा रंग निघाला?"

"नाही ग. कुंकू नाही म्हणून माल उघडत नाहीत."

तिनं सूप भिंतीला टेकवलं. मग हळूच म्हणाली, "माझं नाव माहीत आहे होय त्यांना?"

"नाव नाही. बोट माहीत आहे."

तिनं पदर तोंडाला लावला. मग आम्ही दोघी दुर्गदबैलात गेलो. तिनं चार दुकानं हिंडून, चिमटीत घेऊन, हातावर चोळून, उजेडात बघून कुंकू निवडलं. दोन दुकानांचं नापास केलं. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरचा कुरिअरवाला पावडर म्हटल्यावर घ्यायला तयार होईना. पुडी उघडून त्याच्या नाकाखाली धरली तेव्हा कुठं त्यानं 'पूजेचं साहित्य' म्हणून नोंदवलं. मी सोबत चिठ्ठी लिहिली: पाण्यात कालवावं, फक्त पेटीला लावावं, तेल मुळीच वापरू नये.

झुझानाचा फोटो आला. पेट्यांवर लाल गोल, आणि शेजारी ती स्वतः, अंगठा लाल करून उभी, गोदामातली पोरं मागं दात काढतायत. मी तो फोटो घेऊन मल्लव्वाकडे गेले. वाटलं, रडेल. तिनं फोटो दाराशी नेला, उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला आणि मान हलवली.

"अंगठ्यानं लावलंय हो अक्का. कुंकू अनामिकेनं लावतात. फेल."

ते पास करून घ्यायला मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत वाद घालत बसले.